कार्यक्रमपत्रिकेंत नसलेला दिवस

यात्रा-कंपन्यांच्या छापील कार्यक्रमपत्रिका वाचणें हा आमच्या वयाच्या मंडळींचा एक निरुपद्रवी छंद आहे. दिवाळी आटोपली, कीं त्या घरोघर येऊं लागतात. 'दिवस सहावा : प्रातःकाळीं गंगास्नान व विश्वेश्वरदर्शन, रात्रीं आग्र्याकडे प्रयाण. दिवस सातवा : ताजमहाल व किल्ला.' अशीं तीं वाक्यें असतात. त्यांत क्रियापद बहुधा नसतें. आणि जेथें क्रियापद नाहीं तेथें कर्ता कोण, हें विचारण्याची सोयही राहत नाहीं. व्याकरण शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला ही गोष्ट खटकल्यावांचून कशी राहील? 'रात्रीं प्रयाण' म्हणजे कोणीं करावयाचें, कशानें करावयाचें, आणि तें न घडल्यास पुढें काय, हे प्रश्न पत्रिकेनें सोडून दिलेले असतात. त्यांचीं उत्तरें प्रवासांतच मिळतात. आणि तीं ज्या दिवशीं मिळतात, तो दिवस पत्रिकेंत कोठेंच छापलेला नसतो.

असा एक दिवस गेल्या पौषांत आमच्या वांट्यास आला. पुष्कळ वाचक या सुमारास सहलींचीं नांवें नोंदवीत असतील, म्हणून त्याची हकीकत येथें देतों.

पूर्वीच्या काळीं काशीस निघणारा मनुष्य घरच्यांचा कायमचा निरोप घेऊन निघत असे. वरसईचे विष्णुभट गोडसे मथुरेच्या यज्ञाची वार्ता ऐकून १८५७ सालीं उत्तरेस निघाले, आणि बंडाच्या वणव्यांतून वाट काढतां काढतां झांशीच्या वेढ्यांत सांपडले. त्यांचा तो वृत्तांत १९०७ सालीं छापून निघाला व तेव्हांपासून मराठी घरांत वाचला जातो. पुढें १८७० सालीं मुंबई व कलकत्ता हीं शहरें जबलपूरमार्गें लोहमार्गानें जोडलीं गेलीं, आणि महिन्यांची वाट दिवसांवर आली. वाट तुटली हें खरें; पण तिच्याबरोबर प्रवाशाचा धीरही तुटला. विष्णुभटांना आपण केव्हां पोहोंचूं हें ठाऊक नव्हतें, म्हणून त्यांना उशीर असा कधीं झालाच नाहीं. आम्हांला आगमनाचें मिनिट ठाऊक असतें, म्हणून आम्हांला प्रत्येक मिनिटाचा उशीर होतो.

आमच्या मेळ्यांत एकंदर चौतीस माणसें होतीं. बहुतेक साठीच्या पलीकडचीं. पुणें, सातारा, नाशिक या बाजूंचीं. व्यवस्थापक म्हणून कंपनीनें एक पंचविशीचा तरुण दिला होता. त्यांतील एका दांपत्याचा परिचय येथें करून देणें अवश्य आहे. आजोबांचें वय अठ्ठ्याहत्तर, आजींचें बहात्तर. आजींना पंचवीस वर्षांचा मधुमेह. त्यानें त्यांच्या दृष्टिपटलावर घाला घातला होता. एक डोळा जवळजवळ गेलेला आणि दुसरा मावळतीच्या मार्गावर. डॉक्टरांनीं फार आशा दाखविली नव्हती. काशीच्या घाटावर आजोबा आम्हांला हळूच म्हणाले, "मास्तर, देवाचें दर्शन हिला डोळे मिटूनही होईल. पण हिला ताजमहाल पाहावयाचा आहे. लग्न झालें तेव्हां कबूल केलें होतें; पन्नास वर्षें राहून गेलें."

आतां कार्यक्रमाची घडण पाहा. बुधवारीं रात्रीं नऊ वाजतां गाडी. गुरुवारीं पहाटे पांचच्या सुमारास टुंडला. तेथून आग्रा अर्ध्यापाऊण तासाच्या वाटेवर. गुरुवारीं ताजमहाल, शुक्रवारीं मथुरा-वृंदावन, आणि शनिवारीं पहाटे परतीची गाडी. ताजमहाल दर शुक्रवारीं प्रेक्षकांस बंद असतो. म्हणजे सारा भार एका गुरुवारावर होता. तो गेला कीं ताज गेला. कागदावर ही मांडणी अगदीं चोख दिसत होती. तिच्यांत एकही दिवस रिकामा ठेवलेला नव्हता, आणि तेंच तिचें वैगुण्य होतें.

आमची गाडी काशीहून नव्हे, तर गंगेपलीकडच्या मोठ्या जंक्शनवरून होती. पूर्वीचें मोगलसराई, २०१८ पासून त्याला दीनदयाळ उपाध्याय यांचें नांव आहे. सायंकाळीं बसमधून राजघाटचा १८८७ सालचा जुना पूल ओलांडला, तेव्हां खालीं गंगा होती असें मानावें लागलें. दिसत कांहींच नव्हतें. धुकें उतरूं लागलें होतें. जंक्शनवर पोहोंचलों तों फलकावर आमच्या गाडीपुढें एक तास वीस मिनिटें उशीर लिहिलेला. दहा वाजतां तो सव्वातीन तास झाला, बारा वाजतां सहा, त्यानंतर नऊ, आणि शेवटीं अकरा. उशीराची ही वाढ पाहून मंडळी चिडत होती कीं, एकदांच काय तें खरें कां सांगत नाहींत! पण सांगणाराला तरी तें कोठें ठाऊक असतें? जी गाडी पूर्वेकडे उशिरां पोहोंचते, तिचेच डबे धुऊन-पुसून पुनः पश्चिमेकडे सोडावे लागतात. कालचा उशीर आज व्याजासह वसूल होतो.

पौष-माघांत गंगायमुनेच्या मैदानांत हें धुकें कां पडतें, तें समजून घेण्यासारखें आहे. नद्या, कालवे आणि पाणी दिलेलीं गव्हाचीं शेतें यांमुळें जमिनीलगतची हवा ओलसर असते. रात्र निरभ्र, वारा पडलेला. अशा वेळीं जमीन आपली उष्णता झपाट्यानें आकाशाकडे सोडते. तिच्यालगतची हवा गार होते, आणि वरची किंचित् ऊन हवा झांकणासारखी तिच्यावर बसते. झांकणाखालची वाफ धूर व धूळ यांच्या कणांवर गोठून तिचे सूक्ष्म जलबिंदु होतात, आणि सारा प्रदेश दुधाच्या भांड्यांत बुडवून ठेविल्यासारखा दिसूं लागतो. सूर्य वर येतो, पण ऊन खालीं पोहोंचत नाहीं; म्हणून कधीं कधीं दिवसच्या दिवस धुकें हलत नाहीं. अशा वेळीं सिग्नलाच्या अलीकडे रुळावर फटाके बांधून ठेवण्याची रेल्वेची जुनी पद्धत आहे. चाकाखालीं तो फुटला कीं चालक सावध होतो. अलीकडे पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे, हें उपग्रहांच्या साह्यानें सांगणारें यंत्रही इंजिनांत ठेवतात. पण सिग्नल जवळ आला एवढेंच तें यंत्र सांगतें; तो तांबडा कीं हिरवा, हें माणसाला आपल्या डोळ्यांनींच पाहावें लागतें. तेव्हां गाडी हळू चालविण्यावांचून गत्यंतर नसतें.

फलाटावरच्या त्या रात्रीचें वर्णन काय करावें? चौतीस माणसें, सत्तरांहून अधिक डाग, आणि बसावयास दोन बांकें. कंपनीचे आचारी व भांडीकुंडीं दुपारींच मालमोटारीनें आग्र्यास रवाना झालेलीं. म्हणजे वरण-भाताची आशा सहाशें किलोमीटर पुढें गेलेली. कांहींचीं पांघरुणें मोठ्या बांधलेल्या सामानाच्या तळाशीं. एक गृहस्थ आपल्या मोबाईलवर गाडीचा ठावठिकाणा पाहून दर पांच मिनिटांनीं मोठ्यानें जाहीर करीत होते. गाडी मुळींच हलत नसल्यामुळें त्यांच्या बातमींतही कांहीं फरक पडत नव्हता. त्यांत मध्यरात्र उलटली आणि गुरुवार लागला. आमच्यांत सात जणांना गुरुवारचा उपास. पुरी-भाजीच्या गाड्याकडे पाहून त्यांनीं माना फिरविल्या, आणि मग केळीं व भाजलेले शेंगदाणे यांचा शोध सुरू झाला. आमच्या कुटुंबानें जवळच्या दशम्या व लसणीची चटणी काढली. कोणाचा चिवडा, कोणाचे बेसनाचे लाडू, कोणाचा गुळपापडीचा डबा असें करतां करतां एक पंगत उभी राहिली. आजींना वेळेवर अन्न व इन्सुलिन मिळणें अवश्य होतें. सुदैवानें औषधाची पिशवी त्यांनीं सामानांत न टाकतां गळ्यांतच अडकविली होती.

साडेबाराच्या सुमारास खरा वाद पेटला. आमच्यांत एक निवृत्त सरकारी अधिकारी होते. आवाज करडा, हिशेब पक्का. त्यांनीं व्यवस्थापकाला बोलावून सांगितलें, "गाडी तीन तासांहून अधिक उशिरां आहे. आपण तिकिटें रद्द केलीं तर सर्व भाडें परत मिळतें. त्या पैशांत दोन बसगाड्या करा. आतां निघालों तर दुपारपर्यंत आग्रा गांठूं. ताजमहाल दाखवीन असें तुमच्या कंपनीनें छापलें आहे. आम्हीं पैसे मोजले आहेत."

तर्क बिनतोड होता. भाड्याचा नियमही त्यांनीं सांगितला तसाच आहे. पाहतां पाहतां वीस-बावीस मंडळी त्यांच्या बाजूस झाली. कांहीं जण तर आजींकडे बोट दाखवून म्हणूं लागले कीं, यांच्यासाठीं तरी निघालेंच पाहिजे.

तो तरुण थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, ताज दिसेल कीं नाहीं हें माझ्या हातांत नाहीं. या धुक्यांत रात्रीची बस सोडावयाची कीं नाहीं, हें मात्र आहे. मी सोडणार नाहीं. रुळावरच्या गाडीला समोरून कोणी येत नाहीं. रस्त्यावर पुढें उभा असलेला ट्रक दहा हातांवर येईपर्यंत दिसत नाहीं. तुम्ही माझी तक्रार करा, मी कागद देतों."

त्यावर बरेच बोल लावले गेले. 'नवशिका', 'बेजबाबदार', 'उद्धट' हीं विशेषणें आम्हीं स्वतः ऐकलीं. आमचें मत आम्हीं व्यवस्थापकाच्या बाजूनें दिलें; पण वादाचा निकाल आमच्यानें लागला नाहीं. तो आजींनीं लावला. त्या म्हणाल्या, "बाळ, माझं नांव घेऊन कोणाला रात्रीचं रस्त्यावर काढूं नकोस. मला दिसायला कमी येतं, म्हणून ज्याला दिसत नाहीं त्यानें गाडी हांकूं नये एवढं मला कळतं." यानंतर कोणी बोललें नाहीं. अधिकारी शाल लपेटून दुसऱ्या बांकावर जाऊन बसले.

सकाळीं साडेसातला घोषणा झाली कीं, गाडी दुसऱ्या फलाटावर येत आहे. मग जो गोंधळ उडाला तो विचारूं नये. दोन हमाल, सत्तर डाग, पुलाच्या पायऱ्या, आणि गुडघे धरून चढणारी मंडळी! नव्या फलाटावर व्यवस्थापकानें मोजणी केली, तेहतीस भरले. पुनः मोजलें, तेहतीसच. नसलेले गृहस्थ म्हणजे आजोबा. त्यांचा मोबाईल आजींच्या पिशवींत वाजत होता. इकडे गाडी फलाटास लागली. आजी डब्याच्या दाराशीं उभ्या. आंत चढावयास तयार नाहींत. व्यवस्थापकानें बाकीच्यांना चढविलें आणि आपण खालींच राहिला. तेवढ्यांत आमच्या ध्यानांत आलें कीं, अधिकारीही डब्यांत नाहींत. ते पुलाकडे धांवत गेले होते. चार-पांच मिनिटांनीं धुक्यांतून दोन आकृति आल्या. अधिकाऱ्यांनीं आजोबांचा दंड घट्ट धरला होता, आणि आजोबांच्या हातांत मातीच्या कुल्हडांत ऊन दूध होतें. पत्नीसाठीं तें आणावयास ते जुन्या फलाटावरच्या दुकानाशीं उभे होते. घोषणा त्यांना ऐकूं आली नव्हती. रागें भरावें असें पुष्कळांच्या मनांत होतें. पण तें दूध पाहून कोणाच्या तोंडून शब्द निघाला नाहीं.

आठ वाजतां गाडी हलली. चुनार गेलें, मिर्झापूर आलें. हा भाग भूगोलाच्या शिक्षकाला मोठा प्रिय आहे. भारताची प्रमाणवेळ ज्या ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावरून ठरते, तो मिर्झापुराजवळून जातो. ही वेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. मुंबईनें मात्र ३९ मिनिटें मागें असलेलें आपलें घड्याळ १९५५ पर्यंत अनेक ठिकाणीं चालू ठेविलें होतें. डब्यांतल्या मंडळींना हें सांगितलें, तेव्हां अधिकारी रात्रीपासून प्रथमच हंसले व म्हणाले, "म्हणजे मास्तर, जेथें साऱ्या देशाची वेळ ठरते, तेथेंच आपण अकरा तास मागें आहों!"

टुंडला आलें तेव्हां सायंकाळचे सात वाजून गेले होते. सूर्यास्त होऊन ताजचे दरवाजे केव्हांच बंद झाले होते. आग्र्याच्या उतारूगृहांत आचाऱ्यांनीं मुगाची खिचडी व कढी तयार ठेविली होती. ती सर्वांनीं निमूटपणें खाल्ली. आजी एवढेंच म्हणाल्या, "नसेल योग."

जेवणानंतर व्यवस्थापकानें सर्वांना बसवून एक गोष्ट पुढें मांडली. ताजच्या बरोबर समोर, यमुनेच्या पलीकडच्या तीरावर मेहताबबाग म्हणून मोगलकालीन उद्यान आहे. तें शुक्रवारींही उघडें असतें, आणि तेथून नदीपलीकडे ताज समोरासमोर दिसतो. परंतु धुकें उठेपर्यंत तेथें थांबावें लागेल. तें दुपारही होईल. मथुरेचीं देवळें मध्याह्नीं बंद होऊन पुनः चारच्या सुमारास उघडतात. तेव्हां मथुरेचें दर्शन सायंकाळीं होईल. वृंदावन मात्र सोडावें लागेल. "हें मी ठरविणार नाहीं," तो म्हणाला, "तुम्ही ठरवा."

वृंदावनासाठीं कित्येक जण या सहलींत आले होते. एका बाईंनीं तर बांकेबिहारीसाठीं घरून शिवून पोशाख आणला होता. थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग आदल्या रात्रीं ज्यांनीं सर्वांत मोठा आवाज केला होता, ते अधिकारीच म्हणाले, "मला वृंदावन पुढच्या वर्षींही दिसेल. आपण बागेंत थांबूं." पोशाख आणलेल्या बाईंनीं मान डोलावली व म्हणाल्या, "मी पोशाख मथुरेला द्वारकाधीशाच्या देवळांत देईन. देव एकच."

शुक्रवारीं सकाळीं नऊ वाजतां आम्ही चौतीसही जण त्या बागेंत उभे होतों, आणि समोर पांढऱ्या पडद्यावांचून कांहीं नव्हतें. दहा वाजले, अकरा वाजले. चहा झाला, भजनें झालीं, अधिकाऱ्यांनीं आजोबांना बुद्धिबळाचा एक डाव शिकविला. साडेबाराच्या सुमारास वाऱ्याची झुळूक आली. प्रथम घुमटाचें टोंक दिसलें, मग घुमट, मग एकामागून एक मनोरे. पायथ्याशीं धुकें तसेंच होतें, म्हणून ती इमारत जमिनीला न टेकतां उभी आहे असें वाटत होतें.

आजोबांनीं आजींचा चेहरा हलकेच त्या दिशेस वळविला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "कडा नाहीं दिसत. पांढरं दिसतं. पण केवढं मोठं पांढरं!"

आम्हीं त्या वेळीं इतरांकडे पाहिलें. फारसें कोणी ताजकडे पाहत नव्हतें.

आतां वाचकांस चार शब्द. सहलीचा गुण स्थळांच्या संख्येवरून ठरवूं नये. पौष-माघांत उत्तरेस जावयाचें तर ज्या कार्यक्रमांत एक दिवस मोकळा आहे तोच घ्यावा. तो दिवस फुकट जात नाहीं, तो इतर सर्व दिवसांचा जामीन असतो. अमुक एक वस्तु पाहण्यासाठींच जात असाल, तर ती ज्या दिवशीं बंद असते त्याच्या आदल्या दिवशीं ती ठेवूं नये. औषधें, एका जेवणापुरता कोरडा फराळ आणि एक शाल नेहमीं अंगाशीं असावी. मोठ्या सामानाचा भरंवसा धरूं नये. वडील माणसांच्या खिशांत त्यांचें नांव, उतरण्याचें ठिकाण आणि व्यवस्थापकाचा क्रमांक लिहिलेला कागद घालावा; आणि ज्याचा मोबाईल त्याच्याच खिशांत असावा. धुक्यांत रात्रीचा रस्ता धरण्याचा हट्ट कोणीं करूं नये, आणि दुसऱ्याच्या अडचणीचें नांव पुढें करून तर मुळींच करूं नये.

मुख्य गोष्ट अशी कीं, समूहानें प्रवास करणें म्हणजे अशक्त माणसाच्या पावलानें चालण्याचें कबूल करणें होय. हें पत्रिकेंत छापलेलें नसतें, आणि पैसे मोजून मिळतही नाहीं. तें प्रवाशांनींच बरोबर न्यावें लागतें. कंपनीकडून मागावयाचें तें एवढेंच कीं, मेळ्याचा पुढारी वेळ पडल्यास 'नाहीं' म्हणणारा असावा. नांव नोंदविण्यापूर्वीं भोजन कसें, खोल्या कशा, हें सर्वजण विचारतात. आमच्या वाचकांनीं याउपर आणखी एक प्रश्न विचारावा : धुकें पडलें, पूर आला, दरड कोसळली, आणि सारे प्रवासी 'चला' म्हणूं लागले, तर त्यांना थांबविण्याचा अधिकार तुमच्या माणसाला तुम्हीं दिला आहे काय? उत्तर देतांना समोरचा मनुष्य घुटमळला, तर पत्रिका घडी घालून परत करावी.